लंडनला (कॅनरी वॉर्फ) बदली, मुलगी १० आणि मुलगा ६: घर कुठे बघावं?

सिंहगडरोड (प्रश्न)

मंडळी, पुण्याहून लंडनला जायचं नक्की झालंय. माझं ऑफिस पूर्व लंडनमधल्या कॅनरी वॉर्फला आहे, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. पगार वर्षाला ७२,००० पौंड. नवरा तिथे आल्यावर नोकरी शोधेल. तिकिटं २५ जुलैची बघतोय, म्हणजे मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत महिनाभर हाताशी राहील.

मुलगी ऑक्टोबर २०१५ची, आत्ताच पाचवी संपली. मुलगा जून २०२०चा, यंदा पहिलीत जाणार होता. खासगी शाळेची फी झेपणार नाही, त्यामुळे सरकारीच शाळा हवी.

ऑफिसातले सगळे हॅरो म्हणतात. मावसभाऊ म्हणतो स्लाउ, कारण तिथे ग्रामर शाळा (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत. एक ओळखीचे इलफर्डच्या बाजूने आहेत. भाड्याचे आकडे बघून डोकं गरगरलंय. एरिया कसा ठरवायचा? आणि पुण्यातूनच शाळेचा अर्ज भरून ठेवता येतो का?

टेम्सकाठ

ताई, एरियाचं नंतर बघू. आधी मुलांची इयत्ता समजून घ्या, म्हणजे निम्मं कोडं सुटेल.

इंग्लंडमध्ये इयत्ता वयावर ठरते, आधी काय शिकलंय त्यावर नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट हे शालेय वर्ष. ३१ ऑगस्ट २०२६ला मुलगी १० पूर्ण असेल, म्हणजे सप्टेंबरमध्ये ती इयर सिक्सला बसेल. हे प्राथमिकचं शेवटचं वर्ष. मुलगा त्या दिवशी ६ पूर्ण, म्हणून थेट इयर टू. त्याची रिसेप्शन (इयर वनच्या आधीचं वर्ष) आणि इयर वन ही दोन्ही वर्षं हुकली, पण शाळा त्याला खालच्या वर्गात घालणार नाही. तशी विनंती करण्यातही अर्थ नाही.

आता खरी गोम. मुलीला सप्टेंबर २०२७मध्ये माध्यमिकच्या इयर सेव्हनला जायचंय आणि त्याचा अर्ज ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंत जायला हवा. निकाल १ मार्च २०२७ला. म्हणजे तुम्ही उतरल्यापासून जेमतेम तीन महिने. तिची प्राथमिक शाळा दहा महिन्यांची पाहुणी आहे, माध्यमिक पुढची पाच ते सात वर्षं चालणार. बहुतेक सरकारी माध्यमिक शाळांत प्रवेश अंतरावर मिळतो आणि अंतर मोजतात ते अर्ज करताना तुम्ही जिथे राहता त्या दारापासून. म्हणून घर निवडा ते मुलीच्या माध्यमिक शाळेकडे बघून. प्राथमिक बघून घर घेतलंत तर मार्चमध्ये पस्तावाल.

पुण्यातून अर्जाचं म्हणाल तर बहुतेक काउन्सिल (स्थानिक पालिका) भाडेकरार किंवा तसाच राहण्याचा पुरावा हातात आल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत. एअरबीएनबीचा किंवा कंपनीने दिलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता सहसा चालत नाही. नातेवाइकांचा पत्ता तर अजिबात देऊ नका. काउन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) नोंदींशी पडताळणी होते आणि खोटा निघाला तर मिळालेली जागाही काढून घेतात.

आणि तिकिटाची तारीख बदलता येत असेल तर बदला. इंग्लंडच्या शाळा साधारण २१-२२ जुलैला बंद होतात. तुम्ही २५ला याल तेव्हा शाळेच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसेल. वर्षाच्या मध्येच प्रवेश घ्यायचा, ज्याला इन-इयर अ‍ॅडमिशन म्हणतात, त्याचं उत्तर १५ शालेय दिवसांत द्यायचं बंधन आहे. नीट वाचा, शालेय दिवस. ऑगस्टचा एकही दिवस त्यात धरत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकलात तरी घड्याळ सप्टेंबर उजाडल्यावर चालू होतं आणि उत्तर सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लांबू शकतं. तोवर मुलं घरी. जूनअखेरीस तुमच्यापैकी एकजण जरी पुढे आलात तर घर बघणं, शाळा बघणं, अर्ज हे सगळं शाळा चालू असताना उरकतं.

कॅचमेंटवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भर घालतो, कारण अंतराच्या बाबतीत लोक हमखास फसतात.

पहिला गैरसमज: अमुक बरोमध्ये (लंडनच्या पालिका-विभागात) राहिलो की त्या बरोच्या शाळा आपल्या. नाही. १९८९च्या कोर्टाच्या ग्रीनिच निकालानंतर काउन्सिलला फक्त आपल्या हद्दीतला म्हणून प्राधान्य देता येत नाही. बरोच्या एका टोकाला राहणाऱ्याला स्वतःच्या बरोची नावाजलेली शाळा मिळत नाही आणि हद्दीपलीकडच्याला मिळते, हे रोजचंच आहे. त्यामुळे 'हॅरो चांगलं' या वाक्याला शाळेच्या बाबतीत काही अर्थ नाही. हॅरोतला कुठला रस्ता, असं विचारा.

दुसरा गैरसमज: घराजवळ चार शाळा दिसतात म्हणजे चार पर्याय. नकाशावर मैलभराच्या वर्तुळात दिसणाऱ्या प्रत्येक शाळेची प्रवेशाची नियमावली उघडा आणि खोडत जा. फक्त मुलांची असेल तर खोडा. कॅथलिक किंवा चर्च ऑफ इंग्लंडची असेल तर त्यात चर्चला नियमित जाणाऱ्यांसाठी किती जागा आणि खुल्या किती ते बघा. मागणी जास्त असलेल्या अशा शाळेत समोरच्या फुटपाथवर राहूनही जागा मिळत नाही. ग्रामर असेल तर परीक्षा. काही शाळा 'फेअर बँडिंग' करतात, म्हणजे सगळ्या अर्जदारांची चाचणी घेऊन गुणांप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून ठरावीक मुलं घेतात. ती चाचणी चुकली तर शेवटच्या रांगेत. एवढं खोडल्यावर उरतात ते तुमचे खरे पर्याय. कित्येक पत्त्यांवर शून्य उरतात. असा पत्ता कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

आता उरलेल्यांचं अंतर कसं वाचायचं. प्रत्येक काउन्सिल दर सप्टेंबरला माध्यमिक प्रवेशाची पुस्तिका काढते, पीडीएफ मिळते. त्यात मागच्या वर्षी प्रत्येक शाळेत शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली ते दिलेलं असतं. एका वर्षाचा आकडा बघून खूश होऊ नका, तीन वर्षांचे काढा. समजा १.३, ०.९ आणि १.१ मैल असे आले. तर ०.९ धरा आणि त्यातूनही थोडं कमी करा, म्हणजे पाऊण मैलाच्या आत घर शोधा. हा आकडा वरखाली का होतो? आधी काउन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, मग धाकटी भावंडं, मग अंतर असा क्रम असतो. भावंडं जास्त आली त्या वर्षी अंतरावरच्या जागा आपोआप आक्रसतात.

बहुतेक ठिकाणी अंतर सरळ रेषेत मोजतात, काही शाळा चालायचा रस्ता धरतात. नियमावलीत एक ओळ असते, ती शोधा. सरळ रेषेत मोजत असतील तर गूगल मॅपवरचं चालायचं अंतर निरुपयोगी. मधे रेल्वेलाइन किंवा नदी असली की ०.६ मैलाची शाळा चालत दीड मैल पडते. प्रवेश मिळेल, पण मुलीला रोज वळसा.

एक बारीक पण कामाची गोष्ट. लंडनमध्ये एका अर्जात सहा शाळांची नावं देता येतात. तुम्ही कितवा क्रमांक दिलाय हे शाळेला कळत नाही, त्यामुळे 'पहिल्या नंबरवर टाकली तर चान्स वाढतो' हे खोटं. खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा आणि शेवटी अंतरात आरामात बसणारी एक शाळा हमखास घाला. दोनच नावं देऊन हट्ट धरला तर काउन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवते. अर्ज जिथे राहता त्या काउन्सिलमार्फतच जातो, शाळा दुसऱ्या बरोत असली तरी.

सिंहगडरोड

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिकीट मागेच घेतोय, नवरा २० जूनला पुढे जाईल.

ग्रामर शाळेचं काय? मुलगी अभ्यासात चांगली आहे, पाचवीच्या शिष्यवृत्तीला बसली होती, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी छान गेली. मग स्लाउ बरोबर ठरेल का?

चाळीसगुणी

शिष्यवृत्तीची तयारी वाया जाणार नाही, पण पूर्ण पुरणारही नाही. इलेव्हन प्लस म्हणजे ग्रामरच्या प्रवेशपरीक्षेतला नॉन-व्हर्बल भाग, म्हणजे आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारं पद, हा तिला ओळखीचा वाटेल. गणितही जमेल, फक्त इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं घड्याळ लावून सोडवण्याची सवय हवी. अडतं ते व्हर्बल, म्हणजे शब्दांवरच्या, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत. इथली मुलं लहानपणापासून इंग्रजी गोष्टीची पुस्तकं वाचत आलेली असतात आणि जुन्या वळणाचे शब्द परीक्षेत सर्रास येतात. सेमी-इंग्रजीतल्या मुलीला चार महिन्यांत ती दरी भरून काढणं अवघड आहे. अशक्य म्हणणार नाही.

मोठी अडचण तारखांची आहे. परीक्षा सप्टेंबरमध्ये, म्हणजे इयर सिक्स सुरू होता होताच असते आणि नोंदणी त्याआधी, बहुतेक ठिकाणी मे-जूनमध्ये सुरू होऊन जून-जुलैत बंद. केंटमध्ये तर जूनचाच महिना. तुम्ही येऊन स्थिरावल्यावर चौकशी कराल तेव्हा दार बंद झालेलं असेल. बसवायचीच असेल तर या आठवड्यात त्या त्या शाळांच्या वेबसाइटवर जाऊन परदेशातला पत्ता चालतो का बघा आणि पुण्यातूनच नोंदणी करा. परीक्षा मात्र तिथेच येऊन द्यावी लागेल. निकाल साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येतो, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या अर्जात नाव टाकायचं की नाही ते ठरवता येतं.

ग्रामर शाळा लंडनभर सारख्या पसरलेल्या नाहीत. हॅरो, हाउन्स्लो इथे एकही नाही. स्लाउमध्ये चार आहेत. रेडब्रिजमध्ये मुलींची वुडफर्ड काउंटी हाय आणि मुलांची इलफर्ड काउंटी हाय. बेक्सलीत चार, त्यातल्या टाउनलीत मुलींना प्रवेश, शिवाय मिश्र शाळाही आहेत. सटन, किंग्स्टन, बार्नेट, ब्रॉम्ली इथेही आहेत. पण पास होणं म्हणजे प्रवेश नव्हे. काही शाळा निव्वळ गुणानुक्रमे घेतात, काही पात्र मुलांमधून जवळ राहणाऱ्यांना आधी. दुसऱ्या प्रकारात घराचा पत्ता कामाला येतो, पहिल्यात नाही.

माझा सल्ला: ग्रामर हा बोनस समजा. घर अशा जागी घ्या जिथे ग्रामर नाही मिळाली तरी अंतरावर मिळणारी साधी शाळा तुम्हाला मनापासून चालेल. ग्रामर शाळांच्या भागात हुशार मुलं तिकडे ओढली जातात आणि बाकीच्या शाळांवर त्याचा परिणाम होतो, हेही लक्षात असू द्या. स्लाउला केवळ ग्रामरसाठी जायचं आणि परीक्षा हुकली, असं झालं तर हातात काय उरतं, हा प्रश्न मावसभावाला विचारा.

पूर्वरंग

एरियाबद्दल स्पष्ट बोलतो. हॅरो-वेम्ब्ली हे सवयीने दिलं जाणारं उत्तर आहे. तिथे भारतीय दुकानं आहेत, ओळखीची माणसं आहेत, सगळं खरं. पण ऑफिस कॅनरी वॉर्फला असलेल्या माणसाने पूर्वेकडे आधी बघावं.

हॅरो-ऑन-द-हिल झोन पाचमध्ये (भाड्याचे झोन शहराच्या मध्यापासून बाहेर मोजतात). मेट्रोपॉलिटन लाइनने वेम्ब्ली पार्कला येऊन समोरच्याच फलाटावर ज्युबिली पकडायची, किंवा फॅरिंग्डनला उतरून एलिझाबेथ लाइन. दारातून दारात तास सहज जातो. किंग्जबरी किंवा स्टॅनमोर घेतलंत तर ज्युबिली लाइन थेट आहे, बदलायची कटकट नाही. किंग्जबरीहून पाऊण तासाच्या आसपास, स्टॅनमोरहून थोडा जास्त. त्यामुळे त्या बाजूलाच राहायचं असेल तर हॅरो-ऑन-द-हिलपेक्षा ज्युबिलीवरचं स्टेशन बघा. मराठी मंडळींशी संबंध ठेवायचा तर डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळही ज्युबिली लाइनवरच पडतं. १९३२ सालचं मंडळ आहे, गणपतीला गर्दी असते.

हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइनने ग्रीन पार्कला बदलून जावं लागतं, कॅनरी वॉर्फसाठी फार लांब. स्लाउ एलिझाबेथ लाइनवर असलं तरी लंडनच्या बाहेर. ऑयस्टर हे लंडनचं प्रवासकार्ड वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही, काँटॅक्टलेस बँककार्ड चालतं. भाडं कमी दिसतं पण प्रवासखर्चात बरंचसं परत जातं.

आता पूर्व. इलफर्डहून एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपल, तिथे बदलून पुढचंच स्टेशन कॅनरी वॉर्फ. अर्ध्या तासाच्या आसपास. वुलिचहून बदलावंही लागत नाही, दहा मिनिटांच्या आत. त्याच्या पुढचं ॲबी वूड शेवटचं स्टेशन, म्हणजे सकाळी बसायला जागा. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट: कॅनरी वॉर्फ झोन दोनमध्ये आहे. इलफर्ड, वुलिच, ॲबी वूड हे झोन चार. या प्रवासात झोन एक लागतच नाही, म्हणून भाडं कमी पडतं. हॅरोकडून वरच्या मार्गांनी येणाऱ्याला झोन एक ओलांडावा लागतो.

ॲबी वूड ग्रीनिच आणि बेक्सली या दोन बरोंच्या हद्दीवर आहे. बेक्सलीतल्या ग्रामर शाळांचा विचार असेल तर हा कोपरा नकाशावर नीट बघा. इलफर्डच्या बाजूला गँट्स हिल, न्यूबरी पार्क, बार्किंगसाइड हे कुटुंबांचे भाग, पण वुडफर्ड काउंटीसाठी रेडब्रिजचं स्वतःचं कॅचमेंट (प्रवेशासाठी आखलेला परिसर) आहे, घर त्याच्या आत हवं. वाणसामानासाठी इलफर्ड लेन आहे, साड्या-दागिन्यांसाठी ग्रीन स्ट्रीट. कढीपत्ता, तूरडाळ, कोकम कशासाठीच हॅरोपर्यंत जावं लागत नाही. भाकरीचं पीठही मिळतं.

शाळेचा दर्जा बघताना एक सावधगिरी. जुन्या याद्यांमधलं 'ऑफस्टेड आउटस्टँडिंग' (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा सर्वोत्तम शेरा) आता विसरा. सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणं सप्टेंबर २०२४पासून बंद झालं आणि नोव्हेंबर २०२५पासून वेगवेगळ्या बाबींवर वेगळे शेरे देणारं रिपोर्ट कार्ड आलं. शाळेच्या फाटकावर अजून जुना फलक टांगलेला दिसेल, तो कितीतरी वर्षांपूर्वीचा असू शकतो. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर माध्यमिक शाळांची तुलना करताना प्रोग्रेस एट (प्राथमिकनंतर मुलांनी किती प्रगती केली) हा रकाना बघायची पद्धत आहे, पण २०२५ आणि २०२६साठी तो आकडा नाही, कारण त्या मुलांच्या प्राथमिकच्या परीक्षा कोविडमुळे झाल्याच नव्हत्या. तेव्हा २०२४चा आणि त्याआधीचा बघा. अटेनमेंट एटचा (आठ विषयांतल्या गुणांचा) नुसता आकडा फसवा असतो. मुळात हुशार मुलं निवडून घेणाऱ्या शाळेचा तो चांगलाच येणार.

किल्लीवाली

भाड्याचं मी सांगते, कारण या वर्षी नियम बदललेत आणि जुने सल्ले फिरतायत.

एजंटचा ठोकताळा: वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा. तुमचे ७२,००० भागिले ३०, म्हणजे २,४०० पौंडांपर्यंतचं घर एकट्या तुमच्या पगारावर रेफरन्सिंगमध्ये (एजंट करतो त्या भाडेकरूच्या पडताळणीत) पास होईल. नवऱ्याची नोकरी लागेल हे गृहीत धरून वरचं बघू नका, एजंट ते धरणार नाही. आणि पास होणं वेगळं, झेपणं वेगळं. हातात येणाऱ्या पगारातून २,४०० गेल्यावर चौघांचा खर्च काढा आणि मग ठरवा.

घर पसंत पडलं की एक आठवड्याच्या भाड्याइतकं होल्डिंग डिपॉझिट, २,४००च्या घराला ५५३ पौंड. त्याहून जास्त मागता येत नाही. मुख्य डिपॉझिट पाच आठवड्यांचं, २,७६९ पौंड. मालकाने ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला कागद द्यायला हवा. काउन्सिल टॅक्स भाडेकरूनेच भरायचा, तो भाड्यात धरलेला नसतो. जाहिरातीत त्याचा बँड (घराचा कर-गट) लिहिलेला असतो, त्या काउन्सिलच्या साइटवर वर्षाची रक्कम दिसते. शेजारच्या बरोत त्याच बँडला बराच फरक पडू शकतो.

आता बदल. इथे पूर्वी परदेशातून आलेल्यांना क्रेडिट हिस्टरी नसली की सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून घर मिळायचं. नव्या भाडेकायद्यामुळे १ मे २०२६पासून तो मार्ग बंद आहे. करार सुरू होण्याआधी मालकाला एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. कुणी जुना अनुभव सांगून 'पैसे तयार ठेवा, काम होतं' म्हणत असेल तर ते आता होत नाही. मग पर्याय काय? यूकेत राहणारा, चांगला पगार असलेला गॅरंटर (जामीनदार). तो नसेल तर फी घेऊन गॅरंटी देणाऱ्या कंपन्या. किंवा तुमची कंपनीच घर भाड्याने घेऊन तुम्हाला देते का ते एचआरला आत्ताच विचारा. काहीच नसलं तरी ऑफर लेटर, पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं एचआरचं पत्र आणि भारतातल्या बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. घर बघून झाल्या झाल्या पाठवता आलं पाहिजे. चांगली घरं दोन दिवसांत जातात.

त्याच कायद्याने भाडेकरूच्या बाजूच्याही गोष्टी आल्यात. बारा महिने अडकायचं नाही, दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही निघता येतं. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली मालकाला घेता येत नाही. मुलं आहेत म्हणून घर नाकारता येत नाही. पण दोन महिन्यांच्या नोटिशीचा गैरफायदा घेऊन शाळेजवळ घर दाखवायचं आणि अर्ज भरून झाला की निघायचं, असा बेत कुणी सुचवला तर ऐकू नका. तात्पुरता पत्ता असल्याचा काउन्सिलला संशय आला तर जागा रद्द होते.

राइट टू रेंट, म्हणजे भाड्याने राहायचा हक्क आहे का, या तपासणीसाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यावा लागतो. पासपोर्टवरचं नाव आणि खात्यातलं नाव सारखं आहे का बघा. आडनावाच्या जागी रेघ किंवा वडिलांचं नाव पडलेलं असलं की एजंटची सिस्टिम अडून बसते.

घर बघायला गेल्यावर खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे बुरशी आहे का पाहा. नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच नीट पाहा. ऊर्जा-कार्यक्षमतेचा दाखला डी किंवा ई श्रेणीचा असलेल्या जुन्या घरात हिवाळ्यात गॅसचं बिल भरताना नाकी नऊ येतात.

सिंहगडरोड

किल्लीवाली ताई, खूप आभार. धाकट्याचं कुणी सांगेल का? दोघं एकाच शाळेत मिळतील ना? आणि पहिलं वर्ष आहे म्हणून दिवाळीला आठवडाभर पुण्याला यावं असं सासूबाईंच्या मनात आहे.

टेम्सकाठ

एकाच शाळेत मिळतील असं धरून चालू नका. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची कायद्याने मर्यादा आहे, आणि तुमचा मुलगा नेमका त्यात येतो. मुलीच्या इयर सिक्सला ती मर्यादा नाही. त्यामुळे मुलीला जागा आणि मुलाला नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी मुलीला आधी घाला. ती शाळेत गेली की बहुतेक शाळांत मुलाला भावंडाचं प्राधान्य मिळतं आणि वेटिंग लिस्टवर तो वर सरकतो. वेटिंग लिस्ट अर्जाच्या तारखेने लावत नाहीत, नियमांच्या क्रमाने लावतात, म्हणून नंतर अर्ज करूनही पुढे जाता येतं. तुमच्या मागून आलेला तुमच्या पुढेही जाऊ शकतो, हे ओघाने आलंच.

दिलासा इतकाच की लंडनच्या, विशेषतः आतल्या बरोंच्या प्राथमिक शाळांत सध्या मुलं कमी पडतायत, काही शाळा त्यापायी बंद झाल्या. काउन्सिलला फोन करून 'इयर टू आणि इयर सिक्स दोन्हीत आज जागा असलेल्या शाळा कुठल्या' असा थेट प्रश्न विचारा. त्यांच्याकडे यादी असते.

मुलाचं वाचन आत्तापासून घ्या. इथे अक्षरांची नावं आधी शिकवत नाहीत, ध्वनी जोडून वाचायला शिकवतात आणि इयर वनच्या शेवटी त्याची चाळीस शब्दांची चाचणी होते. त्याची ती हुकल्यामुळे इयर टूच्या जूनमध्ये घेतील. सी-ए-टी कॅट असं पाठ असेल तर ते सोडून क-ॲ-ट असं जोडायला शिकवा. ए, बी, सीडीच्या तक्त्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

जेवण: लंडनमधल्या सरकारी प्राथमिक शाळांत दोघांनाही दुपारचं जेवण फुकट. इयर टूपर्यंत ते देशभर आहे, पुढच्या वर्गांसाठी लंडनचे महापौर २०२३पासून पैसे देतात. स्लाउला गेलात तर मुलीला त्या योजनेतून मिळणार नाही. शाकाहारी पर्याय असतो. डबा द्यायचा असेल तर शेंगदाण्याचं काहीही नको, कूट घातलेली भाजी किंवा साबुदाण्याची खिचडीसुद्धा. ॲलर्जीमुळे बऱ्याच शाळांत बंदी असते आणि डबा परत येतो.

लसीकरणाची मूळ नोंद इंग्रजीत आणा, विशेषतः गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस दिसले पाहिजेत. घर मिळाल्याच्या आठवड्यातच जीपीकडे (सरकारी फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. तिथून येणारं पत्र पत्त्याचा दुसरा पुरावा म्हणून काही काउन्सिलना चालतं.

कॅचमेंटवाला

दिवाळीचं: यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. हाफ टर्मची (सत्राच्या मधली) सुट्टी बहुतेक ठिकाणी २६ ते ३० ऑक्टोबर, म्हणजे त्याआधीच संपलेली. शाळा चालू असताना विनापरवानगी पाच दिवस घेतले की दंडाची पायरी येते: प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर. दोन पालक, दोन मुलं, ३२० पौंड. २१ दिवस उलटले की दुप्पट. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा झालं तर सवलतच नाही, थेट १६० प्रमाणे. धार्मिक सणाच्या एका दिवसाची रजा मात्र शाळा मान्य करते, आधी पत्र द्यावं लागतं. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी आहे, त्या दिवसासाठी ती मागता येईल.

सासूबाईंनाच ऑक्टोबरच्या शेवटी बोलवा. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑगस्टमध्येच टाका, आणि त्यात तुमच्या घराचा भाडेकरार जोडायला विसरू नका.